६५ इंची महागडा टीव्ही घ्यावा का? अंतर, भिंत, डोळे आणि खर्च

पिंपळपान

नमस्कार. आमच्याकडचा ३२ इंची टीव्ही बारा वर्षांचा झाला असून पडद्याच्या डाव्या कडेला आता काळपट पट्टा उमटू लागला आहे, म्हणून नवा संच घेण्याचे घाटत आहे. घर पुण्यात, सहाव्या मजल्यावर आहे. हॉल १० बाय १४ फुटांचा असून सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजले तेव्हा ९ फूट भरले.

गेल्या दोन रविवारी आम्ही चार दुकाने पालथी घातली. मला मनापासून आवडला तो ६५ इंची ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) आणि त्याची किंमत सांगितली गेली १ लाख ६२ हजार. त्याच आकाराचा साधा फोर-के एलईडी ५८ हजारांना मिळतो आहे आणि मिनी एलईडी, म्हणजे पडद्यामागे खूप बारीक दिवे असलेला, ९८ हजारांना. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे मोठा पडदा पूर्वीपेक्षा आवाक्यात आला आहे, हे खरे. तरीही वरच्या आणि खालच्या संचात लाखाहून अधिक रुपयांची तफावत उरतेच, आणि हा लाख रुपया नेमका कशासाठी मोजायचा, हे एकाही विक्रेत्याने मला समाधान होईल असे सांगितले नाही.

घरात टीव्ही कोण कसा पाहते, तेही सांगतो, कारण माझा खरा प्रश्न त्यातच आहे. बाबा ७८ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, परंतु उजव्या डोळ्याच्या पडद्याला दोष असल्यामुळे बारीक अक्षर त्यांना लागत नाही. ते क्रिकेट पाहतात, तेही दुपारचे. षटक संपले की सोफ्यावरून उठतात, टीव्हीपासून चार-साडेचार फुटांवर जाऊन उभे राहतात, खालच्या पट्टीवरचे आकडे वाचतात आणि परत येऊन बसतात. एका सामन्यात हे किती वेळा होते, याचा हिशेब मी एकदा ठेवू लागलो आणि मध्येच सोडून दिला, कारण मोजताना माझेच मन जड झाले. आई संध्याकाळच्या मालिका, बातम्या आणि जुने कृष्णधवल मराठी चित्रपट पाहते. आम्ही दोघे रात्री साडेदहानंतर एखादा चित्रपट लावतो.

मोठ्या पडद्याचे फायदे-तोटे अनुभवलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दीपमाळ

मी पडद्यांशी संबंधित कामात अनेक वर्षे आहे, म्हणून आकाराचा आणि अंतराचा हिशेब मांडतो. टीव्हीचे इंच कर्णात मोजतात. ६५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १४४ सेंटीमीटर आणि उंची ८१ सेंटीमीटर असते. चित्रपट पाहताना पडद्याने नजरेचा किमान ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक जुना आणि सर्वमान्य दंडक आहे. ६५ इंचांसाठी हा कोन जवळजवळ पावणेनऊ फुटांवरून मिळतो, तर ५५ इंचांसाठी साडेसात फुटांवरून. तेव्हा आपल्या ९ फुटांना ६५ इंच अगदी योग्य आहे आणि ७५ इंचही गैर ठरणार नाही. "एवढ्याशा हॉलमध्ये एवढा मोठा टीव्ही कशाला" हा जो प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, तो जुन्या काचेच्या टीव्हीच्या काळातला आहे. तेव्हा चित्राच्या ओळी स्पष्ट दिसत, म्हणून लांब बसावे लागे.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण दुकानात ती सांगितली जात नाही. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. ६५ इंची फोर-के पडद्यावर आडव्या ओळीत ३,८४० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका पाऊण मिलिमीटरच्याही निम्मा. तो वेगळा ओळखायला सव्वाचार फुटांच्या आत जावे लागते. फुल एचडीचा ठिपका याच्या दुप्पट असतो, त्यासाठी मर्यादा साडेआठ फूट. आपण बसणार ९ फुटांवर. त्या अंतरावरून चांगले एचडी चित्र आणि फोर-के चित्र यांतील निव्वळ ठिपक्यांचा फरक दिसणे अवघड आहे, आणि त्याहून दुप्पट ठिपक्यांची ओळ असलेल्या एट-केसाठी वर पैसे मोजण्यात तर काहीच अर्थ नाही.

याउलट साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र ५७६ ओळींचे असते. ६५ इंचांवर त्यातली एक ओळ जवळजवळ दीड मिलिमीटर जाडीची होते आणि ती पंधरा फुटांवरूनही डोळ्यांना खुपते. मोठा टीव्ही आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी "आपला जुना बरा होता" असे उद्गार निघतात ते यामुळे. दोष संचाचा नसतो, येणाऱ्या चित्राचा असतो. आईंच्या मालिका ज्या वाहिन्यांवर लागतात, त्यांच्या एचडी आवृत्त्या आपल्या डिशच्या किंवा केबलच्या पॅकमध्ये आहेत का, हे टीव्ही घेण्यापूर्वी पाहा.

एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल किंवा नसेल. हा सर्व हिशेब निरोगी डोळ्यांचा आहे. आपले बाबा ३२ इंची पडद्यापुढे साडेचार फुटांवर उभे राहून जे वाचतात, ते ६५ इंची पडद्यावर त्यांना ९ फुटांवरून, सोफ्यावर बसल्याजागी तेवढेच मोठे दिसेल. पडद्याची लांबी दुप्पट झाली की अंतरही दुप्पट चालते, इतके हे सरळ आहे. त्यांच्यासाठी आकार ही चैन नाही, आणि तो आकार ५८ हजारांच्या संचातही तितकाच मिळतो.

काजवा

दीपमाळ यांचे अंतराचे गणित मला मान्य आहे, पण लाख रुपया केवळ नावाचा आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून ओएलईडीच्या बाजूने लिहितो. माझ्याकडे तो तीन वर्षे आहे आणि रात्री चित्रपट पाहणे ही माझ्या दिवसातली सर्वांत आवडती गोष्ट आहे.

साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा एलसीडी थर त्यांचा प्रकाश अडवतो. तो पूर्ण अडत नाही, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या वाड्यात एकच समई तेवत असलेले दृश्य असेल, तर समईभोवतीचा काळोख खराखुरा काळोख असतो आणि त्यात भिंतीचा पोपडा, दाराची कडी, उंबऱ्यावरची सावली वेगवेगळी कळते. साध्या टीव्हीवर हे सगळे एका धुरकट पडद्याआड जाते. चित्राची खोली ठरते ती ठिपक्यांच्या संख्येपेक्षा उजेड आणि अंधार यांतल्या अंतरावर, आणि वरचे पैसे आपण त्यासाठी मोजतो. शिवाय हा पडदा कडेच्या खुर्चीवरून पाहिला तरी रंग फिके पडत नाहीत. अनेक एलसीडी पडद्यांत ते पडतात.

कोणताही टीव्ही घेतला, तरी एक काम अवश्य करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेला असतो आणि टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतो. त्यामुळे उत्तम चित्रपटही स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी. २०१९ मध्ये जाहीर झालेला "फिल्ममेकर मोड" अनेक कंपन्यांनी दिला आहे, तो लावला की हे आपोआप होते. क्रिकेटसाठी मात्र ती सोय चालू असली तरी बिघडत नाही.

निवडुंग

काजवा यांचे वर्णन वाचून मोह होतो, परंतु पिंपळपान यांच्या घरात बातम्या किती वेळ चालतात, हे विचारणे आवश्यक आहे. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात, आणि एकाच जागी तेच तेजस्वी चित्र रोज तासन् तास राहिले, तर त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो. आपल्या वृत्तवाहिन्यांवर कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली लाल-पिवळी पट्टी आणि तिच्याखाली सरकणारी दुसरी पट्टी असते. यांतल्या जवळजवळ कशाचीच जागा दिवसभर बदलत नाही. जुने चित्रपट चाराला तीन या प्रमाणाचे असल्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि मधला भाग तेवढा झिजतो. नव्या संचांत यावर बरेच उपाय आहेत आणि मिश्र वापर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र हमीपत्रात हा दोष वगळलेला आहे का, ते दुकानातच वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीची आहे. ओएलईडी टीव्ही काही तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, स्वतःच ठिपक्यांची दुरुस्ती करतो. त्यासाठी त्याला वीज लागते. आपण रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करतो, कारण लहानपणापासून तसेच शिकवलेले असते, आणि ती दुरुस्ती कधी होतच नाही. ओएलईडी घेतलात तर घरातल्या सर्वांना हे समजावून सांगा.

ओसरी

मी साठी ओलांडलेली गृहिणी आहे आणि तांत्रिक बाबींपेक्षा रोजच्या वापराचे सांगते. बाबा दुपारचे सामने पाहतात असे आपण लिहिले आहे. आपल्या टीव्हीच्या समोरच्या बाजूला बाल्कनीचे सरकते दार आहे का? असेल, तर मोठा काळा पडदा दुपारी आरशासारखा होतो. आमच्याकडे तसेच झाले. खेळाडूंच्या अंगावर वाळत घातलेल्या चादरी दिसत. शेवटी जाड पडदे शिवून घेतले आणि दुपारी हॉलमध्ये दिवा लावून बसण्याची वेळ आली. दिवसा पाहणाऱ्याला गडद काळ्या रंगापेक्षा भरपूर उजेड देणारा पडदा हवा.

दुसरे आवाजाचे. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते आणि आवाज खाली किंवा मागे भिंतीकडे फेकला जातो. तरुण कानांना ते जाणवत नाही. ज्येष्ठांना मात्र संगीत मोठे आणि संवाद पुसट ऐकू येतात, म्हणून ते आवाज वाढवत नेतात आणि शेजारी तक्रार करतात. आम्ही संवादांसाठी मधला स्वतंत्र स्पीकर असलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेतला आणि घरातला आवाज निम्म्यावर आला. टीव्हीच्या खर्चातच त्याचे पंधरा-वीस हजार धरा. सगळे पैसे टीव्हीवरच खर्चून आवाजासाठी काही उरले नाही, अशी आमची पहिल्यांदा गत झाली होती.

खाडीकाठ

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. पुण्यातल्या सदस्यांना विजेचा प्रश्न तितका भेडसावत नसेल, तरी ज्यांचे महागडे संच गावच्या घरी जाणार आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव नोंदवतो.

आम्ही ५५ इंची टीव्ही हौसेने घेतला होता. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस सुरू झाला, गडगडाट ऐकून मी टीव्हीचा प्लग काढला आणि निर्धास्त झालो. डिशची वायर मात्र सेट-टॉप बॉक्सला आणि बॉक्सची एचडीएमआय वायर टीव्हीला तशीच जोडलेली राहिली. वीज परसातल्या माडावर पडली. बॉक्स गेला आणि त्याच वायरीने टीव्हीचा बोर्डही गेला. दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ होती, आवाज नव्हता. कंपनीच्या सेवा केंद्रातून माणूस यायला सतरा दिवस लागले, आणि पडदा बदलण्याचा जो खर्च त्याने सांगितला तो नव्या टीव्हीपेक्षा थोडाच कमी होता. एक वर्षाची हमी संपून दोन महिने झाले होते. चालू असती तरी वीज पडून झालेले नुकसान तिच्यात बसत नाही, हेही तेव्हाच समजले.

मोठ्या टीव्हीचा पडदा हाच त्याच्या किमतीचा सर्वांत मोठा भाग असतो, म्हणून तो गेला की दुरुस्तीला अर्थ उरत नाही. गडगडाट सुरू होण्यापूर्वी प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. घराचे अर्थिंग तपासून घ्या. घराच्या विम्यात विद्युत उपकरणांचे नुकसान धरले आहे का, ते विचारा. आता आमच्याकडे ४३ इंची टीव्ही आहे आणि पावसाळ्यात त्याच्यावर कापड न घालता मागे हवा खेळेल अशी जागा ठेवली आहे, कारण मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात.

पारवा

येथे फायद्यांकडे कल झुकलेला दिसतो, म्हणून विरोधी मत नोंदवतो. महागडा पडदा दहा वर्षे टिकेल असे धरून आपण किंमत मोजतो, पण त्यातला स्मार्टपणा इतका टिकत नाही. चार-पाच वर्षांनी सॉफ्टवेअरचे अपडेट येणे थांबते, एकेक अॅप चालेनासे होते, आणि चांगला पडदा असूनही टीव्ही जुना ठरतो. यावर उपाय आहे. अॅप चालवणारी चार-पाच हजारांची वेगळी स्टिक टीव्हीला लावली की पडदा पुन्हा नवा होतो. तेव्हा टीव्हीतल्या सोयींच्या यादीसाठी जास्त पैसे देऊ नका, पैसे पडद्यासाठी द्या.

फोर-के पाहायचे तर इंटरनेटही तसे लागते. नेटफ्लिक्स त्यासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते आणि तासाला सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. शिवाय फोर-के बहुधा वरच्या दराच्या सदस्यत्वातच मिळते. हा दरमहाचा खर्च टीव्हीच्या किमतीत कोणी मिळवत नाही. विजेचा खर्च मात्र लोकांना वाटतो तितका नाही. १५० वॅटचा संच रोज पाच तास चालला, तर वर्षाला सुमारे २७४ युनिटे होतात. लेबलवरचा आकडा पाहून आपल्या दराने गुणाकार करा.

एक बाब मला विशेष गंभीर वाटते. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चालू आहे हे ओळखून ती माहिती कंपनीकडे पाठवतात. अमेरिकेत विझिओ कंपनीने ग्राहकांच्या संमतीवाचून असे केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. टीव्ही पहिल्यांदा लावताना जी संमतिपत्रे येतात, ती लावून देणारा माणूस घाईने "सहमत" दाबत पुढे सरकवतो. रिमोट आपल्या हातात घ्या आणि जाहिरातींसाठीची संमती नाकारा. टीव्ही तरीही चालतो.

मृगजळ

मी अबुधाबीत राहतो. इकडून टीव्ही नेण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये विमान प्रवाशांच्या सामानातील सपाट टीव्हीवरची करमाफी काढून घेतली गेली आणि तेव्हापासून हा व्यवहार परवडेनासा झाला. हमीही सहसा त्या त्या देशापुरतीच असते. आमच्या पिढीने मुंबईच्या विमानतळावर ढकलगाड्यांवर रचलेले टीव्हीचे खोके पाहिले आहेत, त्या आठवणीने अजूनही काही जण विचारतात.

दीपमाळ

भिंतीचे राहून गेले. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, असतात. त्यांत साधा प्लॅस्टिकचा गट्टू ठोकून २५ किलोचा टीव्ही टांगू नये, त्या ठोकळ्यांसाठीचे खास अँकर वापरावेत. आणि कृपया टीव्ही उंच लावू नका. टीव्ही लावून देणाऱ्याला उभ्याने सोयीचे पडते म्हणून तो पाच फुटांवर मध्य धरतो, आणि घरातल्यांची मान पुढची दहा वर्षे वर राहते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर येतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असावा. खोके लिफ्टमध्ये उभे मावते का, हेही आधी मोजा. खोके आडवे करून जिन्याने नेऊ देऊ नका, पडदा स्वतःच्या वजनाने तडकू शकतो.

पिंपळपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओसरी यांनी विचारलेले सरकते दार आमच्याकडे आहे, अगदी समोर, आणि पश्चिमेला. खाडीकाठ यांचा प्रतिसाद आईने दोनदा वाचून घेतला.

काल रात्री वर्तमानपत्राची पाने चिकटवून १४४ बाय ८१ सेंटीमीटरचा कागद तयार केला आणि भिंतीवर लावला. खालच्या बाजूला, जिथे धावफलकाची पट्टी येईल तिथे, मार्करने दोन ओळी लिहिल्या. जुन्या टीव्हीवरचे आकडे पट्टीने मोजले तर उंची एक सेंटीमीटर भरली, म्हणून पहिली ओळ तेवढ्या आकड्यांची आणि दुसरी दोन सेंटीमीटरच्या आकड्यांची. बाबांना काहीही न सांगता सोफ्यावर बसवले. पहिली ओळ त्यांना वाचता आली नाही. दुसरी त्यांनी चष्मा सारखा करून सावकाश, पण न चुकता वाचली: १८७ ला ४, ३२.५ षटके. मग हे कोणत्या सामन्याचे आकडे आहेत, असे विचारले.

त्यामुळे आकाराचा निर्णय पक्का झाला. ओएलईडी मात्र घेत नाही. काजवा यांनी वर्णिलेला काळोख मला हवासा वाटतो, हे खरे आहे आणि त्याची रुखरुख राहील. पण आमच्या घरात टीव्हीचे बहुतेक तास दुपारचे आणि बातम्यांचे आहेत, रात्रीचा चित्रपट आठवड्यातून दोनदा. म्हणून मिनी एलईडी. आज तो दुकानात पुन्हा जाऊन पाहिला. या वेळी त्यांची चकचकीत चित्रफीत बंद करायला लावली आणि साधी वाहिनी, एचडी वाहिनी आणि पेन ड्राइव्हवर नेलेला जुना चित्रपट असे तिन्ही लावून पाहिले. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या श्रेयनामावलीभोवती थोडे वलय दिसते, ते मी स्वीकारले आहे. जुना चित्रपट टीव्हीने आपोआप ताणून माणसे रुंद केली होती, ती सोय बंद केल्यावर चित्र मूळ प्रमाणात आले आणि तरीही ते ५३ इंचांच्या टीव्हीएवढे राहिले. वाचलेल्या पैशांतून साउंडबार आणि जाड पडदे येतील.

जुना ३२ इंची संच भंगारवाल्याला देणार नाही. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे (रिसायकलरकडे) तो सोपवता येतो, त्याची चौकशी चालू आहे. लिफ्ट मोजली, खोके तिरके उभे मावते. भिंत सिपोरेक्सचीच निघाली. अँकर आणून ठेवले आहेत, शनिवारी सकाळी माणूस भोके पाडायला येणार आहे, आणि जमिनीपासून ४२ इंचांवर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.